ओट्यावरची मोजणी

दि. ६ जानेवारी २०२५
मनीषनगरच्या मागची वस्ती, नागपूर

ती. सौरवदादा यास,
धाकट्या करिष्माचा सप्रेम जय भीम. वि. वि.

बुधवारी जेलातून तुहा फोन आला, मी हॅलो म्हटलं आन गळाच बसला. तू तिकडून बोल ना वं, बोल ना वं करत राहिला आन मिनिटं सरून गेली. फोन कटल्यावर मले सारं आठवलं. आईनं डोक्शाले हात लावला. म्हणे, या पोट्टीच्या तोंडाले कुलूप आहे, किल्ली कुठं पडली कोणाले माहीत. म्हणून लिहून राहिली. कागदावर मले बोलता येते.

इकडं सारे बरे. आईच्या चार घरच्या पोळ्या सुरूच आहेत. खांदा धरते तिचा, पण मालिश कराले गेली का मलेच ओरडते. देवाजीमामा उमरेडहून येऊन गेला. वकिलाले भेटला. जमानत होईन म्हणते, जमानतदार तोच राहीन. तवर तू कोणाच्या मधात पडू नको, एवढंच आईनं लिहाले सांगतलं.

आता एक गोष्ट सांगते, हसू नको. मी शिकवून राहिली. मीच, आठवीतून घरी बसलेली. भावनाताई म्हणून एक बाई शनिवारी विहाराच्या ओट्यावर पोट्ट्याहिले गणिताचे खेळ घेऊन येत होती. मी ओटा झाडता झाडता पाहो. एका शनिवारी तिची गाडी बंद पडली. पोट्टे बसून, विहारात ठेवलेली तिची खेळाची पेटी बंद. मंग मीच पेटी उघडली. तवापासून रोज संध्याकाळी अठरा-वीस पोट्टे येतात. भावनाताई महिन्यातून एकदा येते आन मले म्हणते, तुहं तू चालव.

संत्र्याच्या फुटक्या पेट्याहिच्या फळ्या आणल्या, पॉलिश कागदानं घासल्या आन पट्ट्या पाडल्या. एका पट्टीवर दहा चिंचोके रांगेत बसले पाहिजेत, असं माप. त्याच्यावर भांडण झालं, काहून का चिंचोके लहान-मोठे. मंग पोट्ट्याहिनं दोन दिवस बसून सारखे चिंचोके निवडले. मले काही सांगावं लागलं नाही. सहा वर्षाचा कवडू पहिले कोणालेही चावत होता. आता तो माप चुकलं का चावते.

ओट्याचे नियम तीनच. कोणाले चुकलं म्हणाचं नाही, कसं आलं ते दाखव म्हणाचं. कोणी कोणाले मारायचं नाही. आन तिसरा नियम माहा आहे: एकानं मोजाले घेतलं का साऱ्याहिनं त्याच्या संगं मोठ्यानं मोजाचं. एकट्याले उभं राहून बोलाचं भेव मले माहीत आहे, म्हणून. दादा, मी तेथी मोठ्यानं बोलते. दुकानात मी अजून बोट दाखवूनच साबण आणते, पण ओट्यावर माहा आवाज नळापावतर जाते म्हणतात.

आणखी एक, रागावू नको. विक्कीची भाची गोपिका बी येते. सात वर्षाची आहे. ज्याच्या खांद्यात तू चाकू घातला आन ज्याच्यापायी तू आत आहे, त्याच घरची आहे, हे मले समजते. पण आली तर मी उठवू नाही शकली.

माया आहे ते राहू दे, भिंत मधात असली तरी.

तुही,
करिष्मा


दि. १४ जानेवारी २०२५
जेल, नागपूर

चि. करिष्मास,
दादाचा जय भीम आन पोटभर आशीर्वाद.

मास्तरीणबाई, पत्र भेटलं. आमच्या बॅरेकमधल्या एका म्हाताऱ्याले वाचून दाखवलं. तो म्हणे, चाळीस वर्ष झाले गुणाकार येत नाही, तुह्या बहिणीले म्हणावं माही बी एक जागा ठेव. मी म्हटलं, चावाले दात नाहीत तुले, तेथी भरती होणार नाही.

आईले सांग, मी कोणाच्या मधात पडत नाही. परवा नळावर दोघाहिची जुंपली, बादलीवरून. एकानं दुसऱ्याचं तोंड तोटीवर आपटलं, दोनदा. पाणी लाल झालं तरी लोकं आपापल्या बादल्या भरतच होते. मी माही बादली घेऊन बाजूले उभा होतो. माहे हात कसे शिवशिवत होते ते माह्या मनाले माहीत. येथी माणूस हात नाही उचलत तर त्याच्या डोक्शावर पाय देतात.

आता मुद्द्याचं. त्या पोट्टीले हाकल. सापाचं पिल्लू दुधाच्या वाटीपाशी बसवून तू मले सांगते का लहान आहे म्हणून. विक्की तिच्या हातून आपल्या घरातलं सारं काढून घेईन: मी कधी सुटणार, आई कोणत्या वाटेनं येते, तू कधी एकटी राहते. तुले कोणी काही बोललं तर मले नाव कळव. तुह्याकडं वाकडं पाहणाऱ्याले मी आजपावतर सोडलं नाही, पुढंही सोडणार नाही.

आईचा खांदा गरम पाण्यानं शेक. राग माह्यापाशी राहू दे, तू फक्त माया पाठव.

तुहा,
सौरवदादा


दि. २३ जानेवारी २०२५
नागपूर

ती. दादा यास,
करिष्माचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुहं पत्र आईले वाचून दाखवलं. नळाची गोष्ट गाळली. म्हाताऱ्या काकाले सांग, दात नसले तर चालते, बोटं पाहिजेत.

गोपिकाले मी हाकलणार नाही. हे लिहाले मले तीन दिवस लागले. तू समोर असता तर मी मान खाली घालून हो म्हटलं असतं.

ते काही पुसत नाही गा दादा. आपल्या घराचं नाव बी काढत नाही. ते आली का कोपऱ्यात बसते आन मी पट्टी उचलली का दोन्ही हातानं डोकं झाकते. पट्टी मोजासाठी उचलली हे तिले समजाले आठ दिवस लागले. मंगळवारी तिची बाही वर गेली, दंडावर कमरेच्या पट्ट्याचे वळ होते, बकलाचा ठसा बी होता. कवडूनं ते पाहिलं आन आपल्या वाटच्या साऱ्या चिंचोक्याहिचा ढीग तिच्यापुढं ढकलला. तिची माय सुमती विक्कीच्या घरात भावाच्या आसऱ्याले राहते, ते काय बोलणार. ते विक्कीची भाची असन, पण ओट्यावर आली का ओट्याची.

उद्या मजा आहे. उद्या दहा सारखं. म्हणजे सगळ्याहिनं घरातून एकसारख्या दहा वस्तू आणाच्या आन त्याचे गठ्ठे कराचे. एकानं कपड्याचे चिमटे आणतो म्हटलं, एक पोट्टी मायच्या टिकल्या आणणार आहे. कवडू म्हणे दहा कोंबडीची पिल्लं आणतो. त्याच्या मायनं झाडू दाखवला तवा लसणावर आला. गोपिकानं पुसलं का घरातलं कोणतंही चालते का. मी म्हटलं कोणतंही, फक्त सारखं पाहिजे.

तू रागात असशील. तरी लोभ कमी करू नको, मले तोच पुरत नाही.

तुही,
करिष्मा


दि. २ फेब्रुवारी २०२५
नागपूर

ती. दादा यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

अक्षर पाहून भिऊ नको. डाव्या हातानं लिहून राहिली. उजवा प्लास्टरमध्ये आहे. मनगटाचं हाड मोडलं. रोज थोडं थोडं लिहिते. आई तुले फोनवर खरं सांगणार नाही, म्हणून मीच सांगते.

दहा सारखंच्या दिवशी सारे पोट्टे आपापली पोटली घेऊन आले. गोपिकाची ओढणीच्या गाठीत होती. सोडली तर पितळेचे चकचकीत तुकडे, माह्या करंगळीएवढे, बुडाले गोल. आठच होते. आठ कसे झाले म्हणून मी पुसलं नाही, दहाले किती पाहिजे ते पुसलं. तिनं पेटीतले खडूचे दोन तुकडे शेजारी ठेवले आन माह्याकडं पाहून हसली. पहिल्यांदा हसली दादा. मले वाटलं पाण्याच्या पंपाचं सामान असन. मीच ते थाळीत मांडले. कवडूनं एकेक उचलून शिपायासारखे उभे केले आन साऱ्याहिनं संगं मोजले.

अंजनाबाई विहार झाडाले आली. तिचा नवरा गोदामावर बंदूकवाला चौकीदार होता, तुले आठवते. तिनं थाळी पाहिली आन पदर टाकून झाकली. गोपिकाले हळूच पुसलं का कुठून आणलं बाई. गोपिका म्हणे मामाच्या तांदळाच्या कोठीमांगून, डब्यातून. अंजनाबाईनं मले कानात सांगतलं का हे बंदुकीचे काडतूस आहेत. तू सुटून आला का ते कोणासाठी निघणार होते, हे मले कोणी सांगाची गरज नव्हती. तिनं एका पोराले चौकीवर धाडलं. मी पोट्ट्याहिले घरी पाठवाले पाहिजे होतं. मले आवाजच निघाला नाही.

पोलिसाच्या आधी विक्की आला. डबा रिकामा पाहून आला होता. चपला घालूनच ओट्यावर चढला. गोपिकाले केसाले धरून उचललं, तिचे पाय हवेत होते. आन तिले ओट्याच्या कठड्यावर आपटलं. कपाळ फुटलं. तो दुसऱ्यांदा उचलत होता तवा मी तिच्या कमरेले मिठी मारली. बाकी काही सुचलं नाही. त्यानं आमची तराजूची लोखंडी दांडी घेतली, जिच्यावर आम्ही कांदे आन बटाटे तोलतो, आन माह्या हातावर मारली. आवाज मी ऐकला. दुखलं मंग. तरी सोडलं नाही, तर पाठीवर मारली. तो ओरडत होता का सौरवची बहीण चोरी कराले शिकवते, सौरवले दाखवतो, पहिले तुहा फोटो भिंतीवर लावतो.

मंग बाया आल्या. नळावरून, घराघरातून. अंजनाबाईनं पहिली घागर त्याच्या तोंडावर मारली. दात हातात आल्यासारखं त्यानं तोंड धरलं. तो खाली पडला का त्याच्यावर बेलणं, विटा, बादल्या, ज्याच्या हातात जे होतं ते. माणसंही आले. ज्याहिले त्यानं कधी मारलं होतं ते सारे आले. कोणी छातीवर उभं राहून उडी मारली. मी गोपिकाले पोटाखाली घेऊन पडली होती, मले तिच्या कपाळाचं रक्त आन त्याचा आवाज, एवढंच समजत होतं.

आन मंग पोट्टे मोजाले लागले.

कवडूनं सुरू केलं. त्याले वाईट वाटत नव्हतं, त्याले नियम माहीत होता. एक. दोन. तीन. मंग साऱ्याहिनं संगं घेतलं, माह्याच सुरात, हातानं ताल देत. बायाहिचे हात त्या मोजणीवर पडाले लागले. पोट्टे आकडा म्हणत आन वीट खाली येई. अठरा पोट्टे, दादा, ओट्याच्या काठावर रांगेत उभे, तोंडं खुशीनं फुललेले. कवडू अकरानंतर नेहमी तेरा म्हणते. त्या दिवशी त्यानं बारा बरोबर म्हटलं.

मी उठली आन बस म्हणून ओरडली. कसं निघालं माहीत नाही. बायाहिनं हात थांबवले, काहून का त्याहिनं माहा असा आवाज कधी ऐकला नव्हता. विक्कीच्या नाकातून बुडबुडे येत होते. तवा पोलीस आले.

विक्की दवाखान्यात आहे. जबडा आन फासळ्या मोडल्या. काडतूस पोलिसाहिनं नेले. बंदूक सापडली नाही. तो म्हणते पोट्टीले कचऱ्यात भेटले. अंजनाबाई म्हणते सुटून येईन पाहशील. गोपिकाले कपाळावर टाके आहेत. ते आन सुमती अंजनाबाईच्या घरी आहेत.

तीन दिवस ओट्यावर कोणी आलं नाही. मंग आले. पण खेळ दुसराच. एक विक्की होते, खाली पडते, बाकीचे त्याच्याभोवती उभे राहून मोजतात. मी पट्ट्या मांडून बसली होती. त्याहिले पट्ट्या नको होत्या.

लोभ जास्तीचा लागते आता, दोन्ही हाताचा.

तुही,
करिष्मा


दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. करिष्मास,
दादाचा आशीर्वाद.

हे पत्र इथून सुटणाऱ्या एका पोराच्या हाती पाठवून राहिलो. जेलच्या पेटीत टाकलं का साहेब वाचते.

तुहं पत्र वाचून मी भिंतीवर डोकं आपटलं. कपाळाले टेंगूळ आलं. मंग दुसऱ्यांदा वाचलं आन हसू आलं. घागर! त्या अंजनाबाईच्या पाया पडावं वाटते. रात्री बॅरेकमधे सारं सांगतलं, पोट्टे मोजत होते ते सांगतलं तवा लोकाहिनं टाळ्या वाजवल्या. सारे पुसून राहिले का किती मोजले. नंबर सांग. किती पडले साल्याले? पत्रात बारापावतरच आहे. मले पुरा आकडा पाहिजे, काहून का त्याच्या पुढून मले सुरू कराचं आहे.

जमानत झाली. मामा जमानतदार. वीस तारखेले सकाळी बाहेर येतो. दोन दोस्त गाडी घेऊन दारावर राहतीन, चाकू-बिकू सामान त्याहिच्यापाशी राहीन. विक्की दवाखान्यातून सुटला का पानठेल्यावरच येऊन बसन, त्याले दुसरी जागा नाही. त्यानं माह्या बहिणीचा एक हात मोडला, मी त्याचे दोन्ही खांद्यापासून मोडतो. मांगच्या वेळी चाकू दोन बोटं वर गेला, ते चूक दुरुस्त करतो.

तू भिऊ नको. मी आलो का रोज तुह्या ओट्याच्या पायरीवर बसन. तू शिकव. कोणाच्या आईनं दूध पाजलं आहे ते पाहू.

आईले यातलं एक अक्षर सांगू नको. माया राख, बाकीचं माह्यावर सोड.

तुहा,
सौरवदादा


दि. १८ फेब्रुवारी २०२५
नागपूर

ती. दादा यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

हे पत्र मामाच्या हाती देऊन राहिली. तू दाराबाहेर आला का तो तुले देईन. गाडीवर बसाच्या आधी वाच. तेथीच उभं राहून वाच.

आकडा मी सांगणार नाही. मले माहीत आहे. पोट्टे मोजत असले का माहं डोकं आपोआप मोजते. झोपताना ऐकू येते. पण ते तुले देणार नाही, तू पाया पडत मागितला तरी.

विक्की बी जमानतीवर सुटला. तू म्हटलं तसाच पानठेल्यावर बसते. जबड्याले तारा बांधल्या आहेत, नळीनं चहा पिते. मी पाणी भराले गेली का माह्याकडं पाहते. मले भेव लागते. तो काही करणार नाही असं मी म्हणत नाही. पोलिसापाशी मी बयान दिलं, अंजनाबाई बाजूले बसली होती. साहेबाहिनं दोनदा म्हटलं मोठ्यानं बोल. मी बोलली.

रविवारी वस्तीतल्या बाया ओट्यावर बसल्या. विहाराच्या कमेटीचे लोकंही होते. त्याहिचं म्हणणं का सौरव आला का पुन्हा रक्त पडणार, तवा आताच हे बंद करा. कवडूची माय म्हणे, माहं लेकरू चांगलं मोजाले शिकलं पण काय मोजाले शिकलं ते मी पाहिलं. मले तोंड वर करता नाही आलं. मंग मी उभी राहिली. पंचवीस माणसापुढं. मी म्हटलं का पोट्टे माह्यापाशी ठेवा, ते मोजणी मी त्याहिच्या तोंडातून काढते, मले वेळ द्या. त्याहिनं पुसलं, आन तुहा भाऊ? मी म्हटलं का तो इकडं येणार नाही. तुले न पुसता म्हटलं. त्याच्यावर ओटा उघडा राहिला आहे. तू त्या ठेल्यावर गेला का त्याच दिवशी कुलूप.

आता ते सांगते जे मी आजवर नाही सांगतलं.

आठवीत सरांनी मले फळ्यापाशी उभं केलं होतं. उत्तर येत होतं, तोंडातून निघत नव्हतं. त्याहिनं डस्टरनं बोटाच्या पेरावर मारलं. मी घरी रडली, तू ऐकलं. दुसऱ्या दिवशी तू साऱ्या वर्गापुढं सरांची कॉलर धरली आन त्याहिचं डोकं फळ्यावर आपटलं. रक्त माह्याच अर्ध्या राहिलेल्या उदाहरणावरून खाली आलं. तू माह्याकडं पाहून म्हटलं का आता कोणी हात नाही लावणार. वस्ती म्हणते करिष्मानं मारापायी शाळा सोडली. तू बी तेच धरून बसला आहे. नाही दादा. मार मी खाल्ला असता आन नववीत गेली असती. तुहं झाल्यावर माह्या बाकावर कोणी बसलं नाही. बाई हजेरीत माहं नाव घेत आन वर पाहत नसत. डब्बा खाताना पोरी भिंतीकडं तोंड करत, मी त्याहिचं नाव घरी सांगन म्हणून. खरंच कोणी हात नाही लावला. हातात हात बी कोणी दिला नाही. महिनाभर मी तसं बसून पाहिलं. मंग मी गेली नाही.

शाळा माही तुह्यामुळं सुटली. माह्यावर तुहा जीव आहे, त्याच्यामुळं सुटली. ओटा नको सोडवू. मले बोलाले दुसरी जागा नाही.

मामासंगं उमरेडले जा. घरी येऊ नको. आई तुह्यासाठी भाकरी अन् वांग्याचं भरीत करून मामाच्या पिशवीत देऊन राहिली, तिले मी सारं सांगतलं. ते रडली, पण पिशवी भरली.

लोभ असू दे, लांबून असला तरी.

तुही,
करिष्मा


दि. २१ फेब्रुवारी २०२५
उमरेड

चि. करिष्मास,
दादाचा जय भीम.

पत्र दारातच वाचलं. मामा बाजूले उभा, दोस्त गाडी चालू करून. वाचून झाल्यावर मी मामाले ढकललं. तो पडला, कोपर सोललं म्हाताऱ्याचं. त्यानं पिशवी तेवढी वर धरली का भरीत सांडू नये. मी गाडीवर बसलो. सामान कमरेले खोसलं.

मनीषनगरच्या फाटकापावतर आलो. फाटक बंद होतं, मालगाडी जात होती. पलीकडं ठेला दिसत होता, डब्ब्याच्या फटीतून. तो बसला होता, जबडा बांधलेला. एवढा जवळ. अन् माह्या डोक्यात तो नव्हता, फळा होता. करिष्मा, आयुष्यात मी एक काम चांगलं केलं असं मले वाटत होतं, ते हेच, तुह्या सराचं. इतक्या मारामाऱ्या केल्या, त्याचं काही नाही, पण ते माहं चांगलं काम होतं. जेलात बी मी लोकाहिले तेच सांगो. तू ते बी काढून घेतलं. मले तुहा भल्ला राग आला. विक्कीपेक्षा जास्त.

फाटक उघडलं. मी उतरलो. सामान परत दिलं. एका दोस्तानं बायल्या म्हटलं आन थुंकला. त्याले एक ठेवून दिली, खोटं कशाले सांगू. त्याचा ओठ फाटला. मंग पायी मांग आलो, ऑटो केला आन स्टँडवर मामाले गाठलं. तो उमरेडच्या बसपाशी माही वाट पाहत बसला होता. त्याचं कोपर रुमालानं बांधलं. बसमधे भरीत खाल्लं, आईले सांग मीठ कमी होतं.

मी सुधरलो असं समजू नको. त्याले माफ बी केलं नाही. रात्री झोपेतून उठलो तर मुठी बंद होत्या. मामानं मले पहाटेच मागावर बसवलं. आपल्या मामाचा माग खड्ड्याचा आहे, तुले माहीत आहे, पाय खाली खड्ड्यात सोडून दांड्या दाबाव्या लागतात. मले काही जमत नाही, दिवसभरात वीतभर कापड झालं आन ते बी वाकडं. मामी हसते. पण पाय खड्ड्यात आहेत तवर नागपूरले निघत नाहीत. उद्याचं मले माहीत नाही. तू रोज पत्र टाक आन पुस का दादा आज कुठं आहे. एक दिवस बी चुकू नको.

माया ठेव. मी पाय खालीच ठेवतो.

तुहा,
सौरवदादा